चहा तेवढा घेतलो

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी माणसं खोटं बोलतात. त्यात वाईट हेतू नसतो. भीती असते, लाज असते, ऑपरेशन पुढं ढकललं जाईल ही काळजी असते, आणि कित्येकदा आपण सांगतोय ते खरं नाही हेच त्यांना ठाऊक नसतं. ‘रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?’ असं आम्ही नर्सनी विचारलं की मान हलते. ‘चहा?’ म्हटलं की बेळगावकडचं ठरलेलं उत्तर येतं, ‘चहा तेवढा घेतलो.’

आमच्याकडं चहा खाण्यात धरत नाहीत. पोट मात्र धरतं. एरवी पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेनं गेला तरी आपण ठसकून ठसकून तो बाहेर काढतो. भूल दिलेल्या माणसाला ते जमत नाही. पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात उतरू शकतं आणि तिथं आम्लानं भाजल्यासारखी इजा होते. म्हणून दूध, दुधाचा चहा आणि हलकं खाणं यांच्यानंतर ६ तास जाऊ द्यायचे, मटण-पुरी असलं जड तेलकट असेल तर ८. निव्वळ पाणी मात्र २ तास आधीपर्यंत चालतं. लोक नेमकं उलटं करतात. आदल्या रात्री नऊपासून पाणी तोंडाला लावत नाहीत, ओठ सुकवून बसतात आणि पहाटे साडेपाचला कपभर दुधाचा चहा पितात.

दोष त्यांचा एकट्याचा नाही. ‘रात्री दहानंतर काही नाही’ हे वाक्य वॉर्डात सरसकट फेकलं जातं, कारण ते सांगायला सोपं. ज्याची केस सकाळी आठला त्यालाही तेच, आणि ज्याचा नंबर दुपारी तीनला लागायचा त्यालाही तेच. ऑपरेशनची लिस्ट पुढंमागं होते हे मान्य. पण मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाला सतरा तास पाण्याविना ठेवणं याला मी शिस्त म्हणणार नाही, आळस म्हणेन.

‘खाल्लं का’ विचारायचं मी सोडून दिलंय. ‘काल संध्याकाळपासून पोटात काय काय गेलं, सांगा बघू’ असं विचारते. मग हळूहळू सगळं बाहेर येतं. एका गुरुवारी एक मावशी शपथेवर सांगत होत्या की आज उपास, तोंडात काही घातलो नाही. बोलता बोलता कळलं, सकाळी सहाला दोन केळी आणि पेलाभर दूध झालंय. भूलतज्ज्ञांना सांगून त्यांचा नंबर लिस्टच्या शेवटी टाकला, तर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

तंबाखूचं त्याहून अवघड. निपाणीचा पट्टा तंबाखूचा. तिथल्या शेतकऱ्यांनी १९८१ साली भावासाठी पुणे-बेंगळूर महामार्ग अडवून धरला होता. तंबाखू तिथं पीक आहे, बायकांची विड्यांची मजुरी आहे आणि घराघरात मिश्रीची डबी आहे. पण मुलासुनेसमोर ‘मिश्री लावता का?’ विचारलं की कोणती आजी होय म्हणेल? मी सुनेला काहीतरी आणायला खाली मेडिकलमध्ये पाठवते. ती जिना उतरली की आजी सांगतात, ‘दिवसातनं चारदा लावतो बाये. तिला सांगू नको.’ मी सांगत नाही. कागदावर लिहिते आणि भूलतज्ज्ञांना सांगते. तंबाखू ओढणाऱ्याच्या छातीत कफ साचलेला असतो, ऑपरेशननंतर तो खोकतो, खोकला टाक्यांवर येतो, आणि जखमही उशिरा भरते. शिवाय त्या सकाळी तोंड रिकामं पाहिजे. गालात दाबलेली तंबाखूची गोळी भूल देताना घशात उतरली तर काय होईल याचा विचार खुद्द पेशंट करत नाही. म्हणून मी तोंड उघडायला लावते आणि टॉर्चनं बघते. कवळी असेल तर तेव्हाच सापडते.

गोळ्यांचं तर विचारूच नका. बीपीची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही हे भूलतज्ज्ञ ठरवतात, पण लोक ‘उपाशी राहायचं’ म्हणून आपणच ती सोडतात. आणि दोन वर्षांपूर्वी हृदयात स्प्रिंग घातलेला माणूस रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे सांगत नाही, कारण आता तो हर्नियासाठी आलाय, त्याचा छातीशी काय संबंध! तोंडी यादीवर माझा विश्वास नाही. घरातली गोळ्यांची पिशवीच आणा, म्हणते. त्यात काढ्याच्या बाटल्याही निघतात.

मग दागिने. इथं मात्र घाई करून चालत नाही. थिएटरमध्ये जखमेतलं रक्त थांबवायला विजेचं कॉटरी यंत्र वापरतात, अंगावर धातू असला तर भाजायचा धोका असतो. बोटं सुजली तर अंगठी रुतते. हे सगळं मी सांगते आणि बाई ऐकूनही घेते, पण मंगळसूत्राला हात लावला की तिचा चेहरा बदलतो. आत जायच्या आधी गळा मोकळा करायचा म्हणजे तिच्या मनात जे येतं ते ती बोलून दाखवत नाही. आमच्या जुन्या स्टाफनी यावर वाट काढून ठेवलीय. काळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून ते सासूच्या हातून गळ्यात घालायचं, मगच मंगळसूत्र काढायचं. थिएटरला दोऱ्याचं काही वाटत नाही, फार तर चिकटपट्टी लावून बाजूला घेतो. काचेच्या हिरव्या बांगड्या साबण लावून उतरवायच्या. अगदीच अडल्या आणि वाढवाव्या लागल्या तर ते काम तिच्या माणसांनी करायचं, आम्ही नाही. जोडवी दोरा गुंडाळून निघतात. सगळं मोजून, वहीत लिहून, नातेवाइकाची सही घेऊन हवाली करायचं. नखांचं पॉलिश पुसावं लागतं, कारण बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र नखातून उजेड आरपार सोडून मोजतं. लग्नघरातून आलेल्या पोरीची मेंदी गडद असली तर तेही कधी कधी गोंधळतं. मग कानाच्या पाळीला लावतो.

सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा पोटावर चोळून आलेल्या बाईला मी कधी बोलत नाही. कपाळावरचा राहू दे म्हणते आणि पोट साबणानं स्वच्छ धुवून घेते. ताईत दंडावर असला आणि सलाईन त्याच हाताला असलं तर तो दुसऱ्या हाताला बांधतो. पूर्वी आदल्या रात्री वॉर्डात ब्लेडनं केस काढायचे. आता ते बंद झालं, कारण ब्लेडनं कातडीला डोळ्याला न दिसणारे काप जातात आणि त्यात जंतू घर करतात. गरज असेल तरच, ऑपरेशनच्या थोडं आधी, क्लिपरनं काढायचे. तरी अजून नातेवाईक विचारतात, ‘सिस्टर, ब्लेड आणू काय?’ अमावास्येला लिस्ट आपोआप छोटी होते, त्यावर मी वाद घालत नाही. अपेंडिक्स फुटायला आलं असेल तेव्हा घालते.

माझं गाव खानापूर तालुक्यात. शाळा मराठीत झाली, नर्सिंग इंग्रजीत, आणि नोकरीचं बोलणं निम्मं कन्नडमध्ये चालतं. आमच्या मजल्यावर चिकोडीकडची कन्नड पोरगी आहे, केरळच्या दोघी आहेत, शिरसीकडची एक आहे. पेशंट येतात ते खानापूर, निपाणी, हुक्केरी, गोकाकहून, आणि शिनोळीचा नाका ओलांडून चंदगड तालुक्यातूनही, कारण चंदगडला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. तिकडं अथणी-कागवाडची माणसं मिरजेला जातात. मिरजेत वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली दवाखाना उघडला तेव्हापासूनची ती वाट आहे. मधे १९५६ साली राज्यांची हद्द पडली तरी ती मोडली नाही. कागदपत्रांची मात्र परवड होते. एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यातल्या खिडकीवर चालेलच असं नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं जाहीर केलं, तेव्हा त्यावरही दोन्हीकडून राजकारण झालं. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. माझा दावा छोटा आहे. संमतीचा कागद पेशंटला कळणाऱ्या भाषेत असावा.

तो बहुतेक वेळा नसतो. इंग्रजीत असतो, नाहीतर कन्नडमध्ये. जांबोटीकडच्या धनगरवाड्यावरून आलेल्या आजीला दोन्ही सारखेच. ऑपरेशन समजावून सांगणं हे डॉक्टरांचं काम, आणि मी ते माझ्या गळ्यात घेत नाही. २००८ साली सुप्रीम कोर्टानं एका निकालात स्पष्ट केलंय की काय करणार, त्यात धोका काय आणि दुसरा मार्ग कोणता, हे पेशंटला पुरेसं सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती नव्हे. मी डॉक्टरांना कॉटजवळ उभं करते आणि त्यांचं बोलणं मराठीत आणते. आजी सगळं ऐकते, डॉक्टरांकडं बघत नाही, माझ्याकडं बघते आणि म्हणते, ‘तू सांगालीस न्हवं, मग दे, अंगठा लावतो.’

या विश्वासाची मला भीती वाटते. आपल्या बोलीत बोलणारी एक पोरगी दिसली म्हणून आजी आपलं पोट स्वाधीन करायला निघालेली असते. तेव्हा मी शाई बाजूला ठेवते. ‘आता तुम्ही मला सांगा, उद्या काय करणार?’ पहिल्या खेपेला येत नाही. पुन्हा सांगायचं. मग कधीतरी आजी हाताची बोटं मोडत सांगते, ‘खडं झाल्याली पित्ताची पिशवी काढणार. भोकातनं काढणार. भोकातनं न्हाईच जमलं तर मोठं कापणार.’ झालं. यापेक्षा नेमकं आमच्या छापील कागदावरही नाही. नुसतं ‘पिशवी काढायची हाय’ एवढ्यावर भागत नाही. पित्ताची की गर्भाची, हे तिच्याच तोंडून यावं लागतं. आणि एक गोष्ट. शुद्धीवर असलेल्या, सज्ञान बाईचा अंगठा तिचाच लागतो. नवऱ्याची सही तिच्या अंगठ्याच्या जागी चालत नाही, हे मला अजून महिन्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगावं लागतं.

थिएटरच्या दारात पुन्हा तेच प्रश्न. नाव काय? कशाचं ऑपरेशन? कुठल्या बाजूचं? पेशंट वैतागतात, ‘किती वेळा विचारता?’ त्यांना वाटतं आम्ही विसरतो. पण ‘तुम्ही पाटील ना?’ असं विचारलं तर घाबरलेला माणूस कशालाही होय म्हणतो, आणि आमच्याकडं पाटलांना तोटा नाही. एकाच दिवशी एक पाटील डाव्या हर्नियाचा आणि दुसरा उजव्या, असं होतं. बाहेरच्या बाकड्यांसमोर जाऊन ‘पाटलांचे कोण?’ म्हणून हाक मारली की निम्मी रांग उभी राहते. म्हणून नाव पेशंटनं सांगायचं, मनगटावरच्या पट्टीशी ताडायचं, आणि कातडीवर डॉक्टरांनी पेननं केलेली खूण बघायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक यादी काढली. भूल देण्याआधी काही प्रश्न, काप घेण्याआधी काही, पेशंट बाहेर नेण्याआधी काही. पुढच्या वर्षी आठ शहरांतल्या रुग्णालयांचा अभ्यास छापून आला; त्यात दिल्लीही होती. यादी वापरायला लागल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. कापण्याआधीचा अँटिबायोटिकचा डोस तासाभराच्या आत गेलाय का, हेही त्यातच येतं.

त्या यादीत एक कलम असंही आहे की टेबलाभोवतीच्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. सुरुवातीला आम्हाला हसू यायचं. रोज तीच माणसं, त्यात सर्जननी स्वतःचं नाव कशाला सांगायचं? नंतर लक्षात आलं की हे नव्या, बावरलेल्या पोरीसाठी आहे. एकदा तिचा आवाज त्या खोलीत ऐकू गेला की पुढं काही दिसल्यावर ती गप्प बसत नाही.

कण्यात भूल द्यायची असली की पेशंट जागा असतो. टेबलावर बसवून हनुवटी छातीला लावायची, पाठ बाहेर काढायची. मी समोर उभी राहते आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर घेते. मागं सुई, पुढं मी. डॉक्टर कन्नडमध्ये सांगतात तसं मी कानात सांगत जाते, आता गार लागेल, आता मुंगी चावल्यागत होईल, हलू नका. पडदा ओढल्यावरही त्याला सगळं ऐकू येत असतं. क्रिकेटच्या गप्पा, कुणाची रजा, हत्यार ट्रेमध्ये पडल्याचा आवाज. अशा केसला थिएटरमध्ये आवाज खाली ठेवायचा हे मी सगळ्यांना सांगते, आणि सगळ्यांना ते आवडतंच असं नाही.

पूर्ण भूल असेल तर गोष्ट वेगळी. तिथं माणूस काहीच सांगू शकत नाही. थंडी वाजतेय, कोपर टेबलाच्या कडेला दबलंय, कॉटरीची वीज अंगातून परत नेणाऱ्या प्लेटखाली ओल आहे, पाय अवघडलाय. एवढा वेळ खोदून खोदून त्याच्याकडून काढून घेतलेलं बोलणं आता आमच्याकडं असतं, बाहेर सासूच्या हाती दिलेल्या मंगळसूत्रासारखं, परत करायच्या बोलीवर. कोपराखाली मऊ गादी सरकवणं, पापण्या चिकटपट्टीनं मिटवणं, प्लेट मांडीच्या कोरड्या, मांसल भागावर नीट बसवणं, ही कामं कुणाच्या नजरेत भरत नाहीत. अंगाचं तापमान ३६ अंशांच्या खाली गेलं तर रक्त गोठायला वेळ लागतो, जखमेत जंतू धरायची शक्यता वाढते. म्हणून गरम ब्लँकेट, कोमट सलाईन. ऑपरेशन म्हटलं की लोकांना सुरी दिसते. मला ब्लँकेट दिसतं.

आणि मोजणं. गॉज, म्हणजे रक्त टिपायचे जाळीदार कापडाचे तुकडे, दहाच्या गठ्ठ्यात; मॉप, म्हणजे त्यातलेच मोठे, पाचाच्या. सुरू करण्याआधी मोजायचे, पोट बंद करण्याआधी मोजायचे, कातडी शिवताना पुन्हा मोजायचे. दोघींनी, मोठ्यानं, फळ्यावर लिहून. आमच्या थिएटरच्या जुन्या सिस्टर म्हणायच्या, मनात मोजलेलं मोजलेलं नसतं. एकदा पोट बंद करायची वेळ आली आणि मॉप एक कमी. रात्रीचे अकरा वाजलेले, इमर्जन्सी केस, सगळे थकलेले. स्क्रबला, म्हणजे सर्जनच्या हाताशी हत्यारं द्यायला, उभी असलेली पोरगी नोकरीला नवी होती. तिचा आवाज फुटेना. मग म्हणाली, ‘सर, काउंट जुळत नाही.’ सर्जननी सुई खाली ठेवली. एक शब्द बोलले नाहीत, हात पुन्हा आत गेला. आम्ही बादली उपसली, चादरी झटकल्या, टेबलाखाली टॉर्च मारला. मॉपला एक्स-रेत दिसणारा दोरा असतो, तेवढ्यासाठी फोटोची तयारी सुरू केली. शेवटी तो सापडला, काढलेल्या आतड्याच्या तुकड्याबरोबर तपासणीच्या डब्यात गेला होता. पोट शिवून झाल्यावर सर्जन तिला म्हणाले, ‘पुढच्या वेळी पहिल्यांदाच मोठ्यानं बोल.’ त्यांना तेवढंच कौतुक करता येतं.

रबरी हातमोजे थिएटरमध्ये कसे आले हे नव्या पोरींना सांगायला मला आवडतं. १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये हॅल्स्टेड नावाच्या सर्जनच्या थिएटरच्या नर्सचे, कॅरोलाइन हॅम्पटनचे, हात पाऱ्याच्या जंतुनाशकानं सोलवटून निघाले होते. तिच्यासाठी त्यांनी पातळ रबराचे मोजे करवून घेतले. पेशंटला जंतू लागू नयेत ही गोष्ट नंतर ध्यानात आली. सुरुवात झाली ती एका नर्सच्या हातांच्या काळजीनं. पुढं त्या दोघांनी लग्न केलं, हे ऐकल्यावर पोरींना बाकीचं काही आठवत नाही.

ऑपरेशन झालं की नातेवाइकांना वाटतं संपलं. माझ्या दृष्टीनं पुढचा तास सगळ्यात नाजूक. जीभ मागं पडून श्वास अडू शकतो, उलटी होऊ शकते, आतून रक्त येत असेल तर आधी नाडी पळते आणि बीपी नंतर घसरतं. दर पंधरा मिनिटांनी बघायचं. आल्ड्रेट नावाच्या भूलतज्ज्ञांनी १९७० मध्ये यासाठी दहा गुणांची पद्धत घालून दिली. हातपाय हलतात का, श्वास कसा, बीपी कुठं, शुद्ध किती, ऑक्सिजन किती (सुरुवातीला त्या जागी कातडीचा रंग बघायचे), प्रत्येकाला दोन. नऊ झाल्याशिवाय वॉर्डात पाठवायचं नाही.

शुद्ध कुठल्या भाषेत येईल ते सांगता येत नाही. आयुष्यभर बाजारात कन्नड बोलून धंदा केलेले एक तात्या डोळे उघडताना ‘आये, आये’ करत उठले. त्या वेळी ड्यूटीवर चिकोडीची पोरगी होती. ती पेशंटकडूनच मराठी शिकलीय. ‘तात्या, झालं बघा ऑपरेशन. मोठ्ठा दम घ्या,’ म्हणाली आणि त्यांनी घेतला. मी उलट बाजूनं तेच करते. गोकाककडचे अज्जा असले की ‘उसिरु तगोरी’ म्हणते. माझे उच्चार ऐकून एकदा एक अज्जा गुंगीतसुद्धा हसले होते. रस्त्यावर पाट्यांवरून काळं फासलं जातं त्या दिवशीही आमच्या रिकव्हरीत हे असंच चालू असतं. त्याचं कौतुक वाटायला आम्हाला वेळ नसतो.

दुखणं सांगायला लोक तयार नसतात. शून्य ते दहामध्ये किती, असं पुस्तकात विचारायला सांगितलंय. शेतातून आलेल्या आजोबांना दहाचा हिशेब कळत नाही. ‘जरा दुखतंय,’ म्हणतात. मूठ आवळलेली, बीपी चढलेलं, कपाळावर घाम. मी विचारते, ‘रुपयात किती आणे?’ तेव्हा खरं येतं. ‘चौदा आणे हाय गे अक्का.’ मग इंजेक्शन देते आणि अर्ध्या तासानं पुन्हा भाव विचारते. पाच आण्यांवर आलं की त्यांना बसवायचं. दुखणं सोसण्यात मोठेपणा मानणारी ही माणसं दुखतंय म्हणून श्वास अर्धाच घेतात, खोकत नाहीत, हलत नाहीत, आणि मग छातीत न्यूमोनिया धरतो. दुखणं कमी करायचं ते त्यांनी आरामात झोपावं म्हणून कमी, उठावं म्हणून जास्त.

उठवण्यावरून माझी सगळ्यात जास्त भांडणं झालीत. ‘कालच पोट फाडलंय, आज चालवता? टाके तुटतील!’ अख्खा गाव टेम्पो करून बघायला आलेला असतो, कॉटभोवती पंधरा माणसं, आणि प्रत्येकाचं मत वेगळं. पडून राहिलं तर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी धरते, ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. हे त्यांना मी आता थेट सांगते, गोड करून नाही. आधी बसवायचं, पाय खाली सोडायचे, चक्कर नाही ना बघायचं, मग उभं करायचं, मग दारापर्यंत. खोकताना पोटावर उशी दाबायची. तीन चेंडूंचं ते श्वासाचं यंत्र म्हातारी माणसं हातात धरत नाहीत, पण नातवाबरोबर पैज लावली की तिन्ही चेंडू वर जातात.

पंधरा जणांतला एक मी निवडते. ज्याचा आवाज मोठा तो नाही. जो ऐकतो तो. बहुधा सून, कधी पुतण्या, एकदा तर आठवीतली मुलगी होती. आपल्याकडचा वॉर्ड अर्धा नातेवाइकांच्या हातावर चालतो. रात्री एक नर्स आणि भरलेला वॉर्ड असतो तेव्हा लघवीची पिशवी भरली की रिकामीच, हे बघणारं कुणीतरी कॉटजवळ लागतंच. वारा सरला का, हे बायका मला सांगत नाहीत, सुनेला सांगतात. आणि चहा मिळावा म्हणून सरला नसताना सरला म्हणणाऱ्याही असतात! आता डॉक्टर पूर्वीसारखे त्यासाठी अडून बसत नाहीत, बऱ्याच ऑपरेशनांत लवकर खायला देतात, पण पोट फुगलंय का हे मला कळायलाच हवं.

पथ्याबद्दल बोलायला लागले तर वेगळा लेख होईल. आंबट खाल्लं की पू होतो, डाळीनं होतो, अंड्यानं होतो, वांग्यानं तर होतोच. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि क जीवनसत्त्व लागतं. म्हणजे डाळ, अंडं, लिंबू, आवळा. नेमकं तेच सगळं घरी बंद होतं आणि पेशंट पेज पिऊन वाळतो. डिस्चार्जच्या दिवशी स्टाफसाठी कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, बॉक्स येतो तेव्हा मी सासूबाईंना कोपऱ्यात घेऊन अंड्याची शपथ घालते. साखरेचा पेशंट असेल तर त्यांनीही कुंदा आणताना एक वाटी स्वतःसाठी काढून ठेवली नाही ना, तेही विचारते.

गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चांदणी काढून देते. ताप, जखम लाल होणं, घाण पाणी येणं, पोटरी सुजून दुखणं, दम लागणं. यातलं काहीही झालं तर पाऊस आहे, एसटी नाही म्हणून थांबायचं नाही. कणकुंबीकडच्या माणसांना मी हे दोनदा सांगते, कारण तिकडं जुलैत रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. खानापूरच्या सरकारी दवाखान्यात जायचं, तिथून पुढचं ते बघतील. टाके काढायला सात-दहा दिवसांनी यायचं. फोन नंबर पाकिटामागं लिहून देते.

त्यामुळं फोन येतात. हर्नियाच्या आजीचा आला, मृगाचा पाऊस पडल्यावर.

‘अक्का, ओळखलीस काय? हर्नियावाली मी. रोप लावायला जाऊ?’

‘ऑपरेशन होऊन किती दिवस झाले आजी?’

‘झालं की लई. तीन आठवडं झालं.’

‘नको. सहा आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. सांगितलं होतं की.’

‘बरं, रोप नको. शेण काढलं तर?’

‘पाटी उचलणार कोण?’

‘सून हाय की.’

‘मग सूनच काढू दे. सुनेला द्या बघू फोन.’

‘ती घागर भरून आणायला गेलीय. मग चुलीला लाकडं तेवढी आणतो, लई न्हाई, दोनच...’

‘आजी.’

‘बरं बरं. बांधावर जाऊन बसू तरी?’